चौलचे दहा हजार : एका आकड्याचें परीक्षण

चौल हें नांव या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. कुंडलिकेच्या मुखाशीं, तिच्या उत्तर तीरावर वसलेलें हें बंदर पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस'च्या अनामिक कर्त्यास सेमुल्ल म्हणून ठाऊक होतें. दुसऱ्या शतकांतील टॉलेमी त्यास सिमुल्ल म्हणतो आणि तेथील लोक त्याचें नांव तिमुल असें घेतात हेंही नमूद करतो. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत चेमुल येथील एका हेरणिकाचें दान आलें आहे. शिलाहार अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत श्रीस्थानक, नागपूर व शूर्पारक या बंदरांच्या पंक्तीस चेमुलीचें नांव आहे. आणि अरब लेखकांचें सैमूर तें हेंच, याविषयीं आतां विद्वानांत फारसा मतभेद राहिलेला नाहीं. या शतकाच्या आरंभीं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं केलेल्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे अवशेषही उजेडांत आले. नांव व स्थान या दोहोंची इतकी दीर्घ परंपरा कोंकणांतील फार थोड्या गांवांस लाभली आहे.

परंतु नांवाची परंपरा ही वस्तीची परंपरा नव्हे. चौलविषयीं जें लेखन गेल्या सुमारें दीडशे वर्षांत झालें त्यांत एक प्रश्न वारंवार येतो: या नगरांत माणसें किती होतीं? उत्तरादाखल तीन आकडे पुढें केले जातात. पहिला अरब प्रवासी मसूदी याचा १०,००० चा. दुसरा स्थानिक परंपरेचा, ३६० देवळें व ३६० तळीं यांचा. तिसरा १५७०-७१ च्या वेढ्याच्या पोर्तुगीज वृत्तांतांतला, लाखांच्या घरांतला. हे तिन्ही आकडे एका माळेंत ओंवून 'प्राचीन चौल हें महानगर होतें, आज तें खेडें झालें' असा सिद्धांत मांडण्याची रीत पडली आहे. या रीतीचें परीक्षण करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हे आकडे एकाच वस्तूचे नाहींत; आणि बंदराची वस्ती ऋतुमानाप्रमाणें भरणारी व ओसरणारी असल्यामुळें, कोणीं, कोणास, कोणत्या महिन्यांत व कशासाठीं मोजलें हें कळल्यावांचून त्यांची बेरीज-वजाबाकी करणें व्यर्थ आहे.

चौलच्या अर्वाचीन अभ्यासाचा पाया डॉ. जर्सन द कून्हा यांनीं १८७६ सालीं घातला. चौल व वसई यांचा इतिहास आणि पुरातन अवशेष यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ आजही टाळून पुढें जातां येत नाहीं. वैद्यकाचा व्यवसाय करणारा हा गोमंतकीय पंडित नाण्यांचा मोठा जाणकार होता. त्यानेंच १८७७ सालीं सह्याद्रिखंडाची संहिता अनेक पोथ्या मिळवून छापली. पोर्तुगीज साधनें व संस्कृत साधनें या दोहोंवर एकाच वेळीं हात चालविणारा दुसरा मनुष्य त्या काळांत विरळाच. तथापि त्यांचा चौलवरील ग्रंथ नांवाप्रमाणेंच इतिहासाचा व अवशेषांचा आहे, रहिवाशांचा नव्हे. कोट, चर्चें, शिलालेख व कप्तान यांचें जें बारकाईचें दर्शन त्यांत घडतें, तें आळींत व वाडींत राहणाऱ्या माणसाचें घडत नाहीं. हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. त्या पिढीची दृष्टीच दगडावर होती.

१८८३ सालीं निघालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या अकराव्या खंडानें, म्हणजे कुलाबा व जंजिरा यांच्या खंडानें, हीच सामग्री पुढें नेली. या खंडाची माहिती विपुल आहे. परंतु त्याच्या रचनेंतच एक अडचण दडलेली आहे. त्यांत लोक एका प्रकरणांत आहेत व गांवें दुसऱ्या प्रकरणांत. जातींचें व व्यवसायांचें वर्णन सबंध जिल्ह्याचें म्हणून येतें. चौलचें वर्णन प्रेक्षणीय स्थळांच्या यादींत येतें. कोळी, भंडारी, आगरी, माळी, ब्राह्मण, मुसलमान, बेने इस्रायल व ख्रिस्ती हे सर्व जिल्ह्यांत आहेत हें कळतें, परंतु चौलच्या कोणत्या पाखाडींत कोण होतें व केव्हांपासून होतें हें त्या मांडणींतून निघत नाहीं. ज्यांनीं पुढें मराठींत स्थलवर्णनें लिहिलीं त्यांतील बहुतेकांनीं ही फारकत तशीच उचलली. गांवावांचून माणसें आणि माणसांवांचून गांव असे दोन इतिहास आपल्याकडे वाढले, आणि मधली पोकळी भरण्यास मोठे वाटोळे आकडे कामास आले.

आतां पहिला आकडा घेऊं. मसूदी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ सालीं सैमुरास आला. तेथील राजाचें नांव तो झंझ असें देतो, आणि शिलाहारांच्या ताम्रपटांत झंझ राजाचें नांव आढळत असल्यामुळें साक्षीदार विश्वसनीय ठरतो. परंतु राजाच्या नांवाविषयींची विश्वसनीयता संख्येस आपोआप लागू होत नाहीं. नांव ऐकून लिहितां येतें. संख्या मोजावी लागते. मसूदी 'सुमारें' हा शब्द घालून १०,००० म्हणतो, तेव्हां ती मोजणी नसून अंदाज आहे हें तो स्वतःच सांगतो. दुसरें, आणि अधिक महत्त्वाचें, हें कीं ही संख्या नगराची नव्हे. ती केवळ तेथें स्थायिक झालेल्या मुसलमानांची आहे. नगरांतील कारागीर, कोळी, बागाईतदार, देवळांचे पुजारी व राजाचे सेवक यांची गणती त्यानें केलेली नाहीं. असें असतां हाच आकडा जेव्हां 'दहाव्या शतकांतील चौलची लोकसंख्या' म्हणून छापला जातो, तेव्हां एका भागास सबंध मानण्याचा दोष घडतो; आणि याच आकड्यावरून नगर बहुतांशीं परकीयांचें होतें असा तर्क जेव्हां केला जातो, तेव्हां त्यावर दुसऱ्या दोषाची भर पडते.

कारण मसूदीचा तिसरा तपशील या तर्काच्या विरुद्ध जातो. हे लोक कोण, तें तो वर्गवारीनें सांगतो. कोणी सीराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. आणि या सर्वांच्या बरोबरीनें 'बयासिरा', म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटीं याच देशांत जन्मलेले. बाहेरून आलेले तेही येथें विवाह करून घरें करून राहिले होते. त्यांचा न्यायनिवाडा पाहण्यास त्यांच्यापैकींच एक मुखत्यार असे, व 'हुनरमन' ही त्याची पदवी होती. म्हणजे आपल्यापुढें उभी राहते ती दर्यावर तरंगणारी परकी टोळी नव्हे. पिढ्यानुपिढ्या रुजत गेलेली, स्थानिक राजाच्या आश्रयानें राहणारी वस्ती आहे. अरब परंपरेंतील दुसरें वृत्त, जें अबू दुलफच्या प्रवासावरून पुढील ग्रंथकारांनीं घेतलें, तें सैमुरांत मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी व अग्निपूजक असे सर्व असल्याचें सांगतें. या वृत्तांत आकडा नाहीं, म्हणून आपले लेखक त्याकडे वळत नाहींत. वस्तुतः वस्तीच्या इतिहासास हें वाक्य त्या १०,००० हून अधिक उपयोगी आहे. कारण संख्या फुगवितां येते, परंतु चार निरनिराळ्या धर्मांचे लोक एका गांवांत दिसल्याची नोंद फुगवून होत नाहीं.

मसूदीच्या नंतर सहाशें वर्षांनीं, इ. स. १५१६ च्या सुमारास, पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा चौलचें वर्णन करतो, तें आमच्या मतें या सबंध प्रश्नाची किल्ली आहे. तो म्हणतो त्याचा आशय असा: येथें कायमचे रहिवासी फार थोडे, परंतु डिसेंबरापासून मार्चपर्यंत माल भरण्याच्या दिवसांत आसपासच्या सर्व मुलखांतून व्यापारी येतात, बैलांचे तांडे येतात, व्यवहार होतात, आणि मग तीं माणसें आपापल्या गांवीं परत जातात. त्या महिन्यांत नगर म्हणजे एक जत्राच. हें वाक्य ज्यानें लक्षांत घेतलें त्यास 'चौलची लोकसंख्या किती' हा प्रश्नच अपुरा वाटूं लागेल. माघांतील चौल व श्रावणांतील चौल ही एक वस्तु नव्हे. नारळी पौर्णिमेपूर्वीं गलबतें शाकारून किनाऱ्यावर ओढलेलीं, घाटवाटा चिखलानें बंद, पेठेचीं दुकानें रिकामीं. आणि पौषांत तीच पेठ पाय ठेवण्यास जागा नसलेली. भाताचें एक शीत चेपून सबंध हंडीची परीक्षा करावी, हा स्थालीपुलाकन्याय येथें चालत नाहीं. कारण येथें हंडी एक नसून दोन आहेत.

म्हणून मसूदी व बार्बोझा यांच्यांत विरोध आहे असें मानून एकास खरें व दुसऱ्यास खोटें ठरविण्याचें कारण नाहीं. एकानें एका समाजाचे स्थायिक सांगितले, दुसऱ्यानें सबंध पेठेची ये-जा सांगितली. मध्यंतरीं सहाशें वर्षांत शिलाहार, यादव, बहामनी व निजामशाही अशीं राज्यें बदललीं. 'पूर्वीं १०,००० होते, पुढें थोडे राहिले, म्हणजे ऱ्हास झाला' अशी वजाबाकी करणाऱ्यानें दोन निरनिराळ्या मापांचीं धान्यें एका तराजूंत घातलीं आहेत. बार्बोझाच्या सुमारें अर्धशतक आधीं याच बंदरांत उतरलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन लोकांचा वेष व त्यांचें आपणाकडे टकमक पाहणें यांचें वर्णन करतो, संख्या देत नाहीं. त्याच्या या मौनाचाही आम्हीं आदर करावा. जो मोजीत नाहीं तो निदान चुकीचें मोजीत नाहीं.

यानंतर पोर्तुगीजांचे आकडे. त्यांच्या कोटास १५२१ सालीं आरंभ झाला. तो आजच्या रेवदंड्यास, म्हणजे खालच्या चौलास. निजामशाहीच्या अमलाखालील वरचें चौल निराळें, आणि खाडीपलीकडील कोरलईचा डोंगर निराळा. तो पोर्तुगीजांनीं १५९४ सालीं घेतला. आंतोनियु बोकारु यानें १६३५ सालीं पोर्तुगीज किल्ल्यांचें जें वर्णन सिद्ध केलें त्यांत वस्ती 'कासादु' या मापानें मोजली आहे. कासादु म्हणजे विवाह करून स्थायिक झालेला ख्रिस्ती गृहस्थ. त्याच्या घरांतील स्त्रिया, मुलें, नोकर व गुलाम हे त्या एका आकड्याच्या पोटांत लुप्त होतात. आणि तटाबाहेरील हिंदु व मुसलमान वस्तीचा त्या मापाशीं संबंधच येत नाहीं. कासादूंची संख्या चौलची लोकसंख्या म्हणून देणें म्हणजे गांवच्या वतनदारांची यादी वाचून गांवांत तेवढेच लोक होते असें म्हणण्यासारखें आहे.

१५७०-७१ च्या वेढ्याची गोष्ट याहून नाजूक. मुर्तझा निजामशहाच्या सैन्याची गणती पोर्तुगीज वृत्तांतांत ३४,००० स्वार, १,००,००० पायदळ व ३६० हत्ती अशी येते. जेत्यानें शत्रूचें सैन्य मोजलें म्हणजे तें वाढतें, हा सर्व देशांतील बखरींचा नियम आहे. मराठी बखरींच्या अभ्यासकांस तो निराळा सांगावयास नको. आम्हांस कुतूहल वाटतें तें ३६० चें. चौलच्या परंपरेंत देवळें ३६०, तळीं ३६०. आणि वेढ्यांत हत्तीही ३६०. सावन वर्षाचे दिवस ३६० असतात. 'दिवसागणिक एक' एवढाच या संख्येचा अर्थ. ती विपुलतेची वाचक आहे, गणनेची नव्हे. शतम्, सहस्रम् हे शब्द संस्कृतांत जसे बहुत्ववाचक येतात तसेंच हें. रामेश्वराची पुष्करिणी व त्याचीं कुंडें आज डोळ्यांनीं पाहतां येतात. इतर देवळेंही आहेत. त्यांची मोजणी करून ३६० भरत नाहींत म्हणून परंपरेस खोटी म्हणणारा, आणि ३६० धरून त्यावर लोकसंख्येचें त्रैराशिक मांडणारा, हे दोघेही एकच चूक करतात. दोघांनींही अलंकारास हिशेब मानलें.

आतां कोणी म्हणेल कीं, जुने आकडे राहूं द्या. इंग्रजी अमदानीपासून शिरगणती आहे, ती तरी निःसंशय आहे ना? ती निःसंशय आहे, परंतु तीही एका रात्रीची आहे. १८८१ ची शिरगणती १७ फेब्रुवारीस झाली, १९०१ ची १ मार्चास; आणि २०११ च्या गणनेचा प्रमाणक्षणही १ मार्च हाच होता. बार्बोझाच्या काळीं याच महिन्यांत चौल सर्वांत भरलेलें असे. पुढें व्यापार मुंबईस गेला, कोंकणांतील अनेक कर्ते पुरुष चाकरीसाठीं तिकडे राहूं लागले, आणि त्याच महिन्यांत गांवें बरींच रितीं राहूं लागलीं. ज्या महिन्यानें पूर्वींची भरती टिपली असती तोच महिना आतां ओहोटी टिपतो. शिवाय शिरगणतींत चौल निराळें व रेवदंडा निराळा. एका आकड्यांत दोन्ही धरावयाचीं कीं एक, कोरलई घ्यावयाची कीं नाहीं, थेरोंडा घ्यावयाचा कीं नाहीं, हें ठरविल्यावांचून 'जुनें चौल' व 'आजचें चौल' यांची तुलना केली जाते. क्षेत्र बदललें, महिना बदलला, मोजण्याचें माप बदललें. आणि राहिलें काय, तर केवळ नांव.

या सर्वांत ज्यास ऱ्हास म्हणतात त्याचें खरें स्वरूप झांकलें जातें. चौलचीं माणसें नाहींशीं झालीं नाहींत, तीं पांगलीं. मुंबई बेट १६६८ सालीं इंग्रज कंपनीच्या हातीं आल्यानंतर चौलचे रेशमी वस्त्रें विणणारे कारागीर तिकडे गेले. मुंबईच्या आरंभींच्या वस्तींत त्यांचा वांटा आहे. १७४० सालीं चौल व कोरलई मराठ्यांकडे आलीं, पोर्तुगीज अधिकारी गेले. परंतु स्थानिक ख्रिस्ती कुटुंबें कोरलईच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं राहिलीं, व त्यांची पोर्तुगीजोद्भव बोली आजही तेथील घरांत मराठीच्या शेजारीं नांदते. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं १९९६ सालीं तीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. किनाऱ्यावर तेल गाळणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायल, ज्यांस लोक 'शनिवार तेली' म्हणत, त्यांतील बहुतेक १९४८ नंतर इस्रायलांत गेले; परंतु गांवाच्या नांवावरून पडलेलीं चेऊलकर, रोहेकर अशीं आडनांवें त्यांनीं बरोबर नेलीं, आणि तेथें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही चालविलें. रेवदंड्याचें सिनेगॉग मागें राहिलें. एका बाजूस मुंबईचा हातमाग, दुसऱ्या बाजूस कोरलईची बोली, तिसऱ्या बाजूस सातासमुद्रांपलीकडील आडनांव: चौलच्या लोकसंख्येचा इतिहास या तीन वाटांनीं गेला आहे. 'महानगराचें खेडें झालें' या वाक्यांत त्यांपैकीं एकही वाट दिसत नाहीं.

मग हा इतिहास कशावरून लिहावयाचा? साधन आपल्याच शब्दांत सांपडतें. शिरगणतीस आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत 'खानेसुमारी' म्हणत. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे गणती. मराठी अमलांत घरें मोजण्याची, त्यांवर घरपट्टी व उदमी लोकांवर मोहतर्फा बसविण्याची रीत होती; तिचे कागद गांवोगांवच्या दप्तरांत निघतात. त्यांत आळीचें नांव, घरधन्याचें नांव, त्याचा धंदा, घर नांदतें कीं पडीत, असा तपशील असतो. महजरांच्या शेवटीं साक्षीदारांचीं नांवें असतात. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या कुळांच्या पिढ्या असतात. चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मे व विवाह असतात. यहुदी कुटुंबांत विवाहकरार असतात. दफनभूमींत दगड असतात. यांपैकीं एकही साधन १०,००० असा डौलदार आकडा देत नाहीं. प्रत्येक पांच, दहा, चाळीस घरें देतें. परंतु तीं घरें खरीं असतात, आणि वर्ष व गांव त्यांच्या माथ्यावर लिहिलेलें असतें.

येथें आम्हांस संग्राहक बंधूंशीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. आपल्याकडे रुमाल सोडला कीं प्रथम सनद शोधतात, मग शिक्क्याचें पत्र, मग एखाद्या प्रसिद्ध पुरुषाचें हस्ताक्षर. घरपट्टीची यादी, जकातीचा तक्ता, वाण्याचा हिशेब, कुळांची फेरिस्त हे कागद 'किरकोळ' म्हणून बाजूस पडतात. पुष्कळदां ते रद्दींत जातात, किंवा मोलाचा कागद काढून घेऊन उरलेला रुमाल विस्कटला जातो. सनद एकाच घराण्याचें मोठेपण सांगते, व तिची नक्कल बहुधा दुसरीकडेही असते. घरयादी सबंध आळीचें अस्तित्व सांगते, आणि तिची दुसरी प्रत नसते. ती गेली म्हणजे तीं चाळीस घरें दुसऱ्यांदा मरतात. किनाऱ्याच्या दमट हवेंत कागदाचें आयुष्य मुळांतच थोडें. त्यांत अष्टागरांतील जुनीं घरें पाडून नवीं बांधण्याचा सपाटा चालू आहे, आणि माळ्यावरील पेटारे प्रथम बाहेर पडतात.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्याच्या हातीं असा रुमाल येईल त्यानें तो आहे त्याच क्रमानें ठेवावा, एकेक पान सुटें करूं नये, आणि प्रसिद्ध करतांना यादी संक्षेपानें न देतां नांवानिशीं द्यावी. आणि कोणताही आकडा, मग तो मसूदीचा असो कीं शिरगणतीचा, छापतांना त्याच्या शेजारीं पांच गोष्टी लिहाव्या: मोजणारा कोण, मोजलेले कोण, हद्द कोणती, महिना कोणता, हेतु काय. या पांचांपैकीं दोन जरी कळत नसल्या तरी तो आकडा उद्धृत करावा, पण त्यावर सिद्धांत उभारूं नये. चौलपुरतें बोलावयाचें तर, मसूदीच्या १०,००० स पुराव्याच्या आसनावरून उठविण्याचें कारण नाहीं. त्यांना त्यांच्या जागीं बसवावें, एवढेंच. ते मुसलमान होते, स्थायिक होते, त्यांतील अनेक येथेंच जन्मले होते, आणि ते सबंध चौल नव्हते. उरलेल्या चौलाची मोजणी अजून व्हावयाची आहे, आणि तिचे कागद कोणाच्या तरी माळ्यावर, 'किरकोळ' या मथळ्याखालीं बांधलेले असण्याचाच संभव अधिक.